सम इकडे, टाळी तिकडे!

गाणं ऑनलाइन शिकता येतं. गणित येतं, जर्मन येतं, झालंच तर पुरणपोळीसुद्धा येते. पण ताल? पायातली लय? पुण्यात बसून साडेबारा हजार किलोमीटरवरच्या एका सात वर्षांच्या मुलीला टाळी द्यायला शिकवणाऱ्या ताईंच्या क्लासात आम्ही डोकावलो...

ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर कधी 'हॅप्पी बर्थडे' गायलायत? गायलाच असाल. एचआरवाली उत्साहाने 'वन, टू, थ्री' म्हणते, आणि पुढच्या क्षणी पंधरा जण पंधरा वेळांना सुरू होतात. कुणी दुसऱ्या ओळीवर, कुणाचं अजून पहिलंच सुरू, आणि बंगलोर ऑफिसवाला तर सगळे थांबल्यावर एकटाच गात राहतो. बर्थडे बॉय कसनुसं हसतो. केक कापायचा इमोजी येतो. संपलं.

आपण हे हसून सोडून देतो. पण ज्यांचं पोटपाणीच 'सगळ्यांनी एका वेळी टाळी द्या' यावर चालतं, त्यांनी काय करायचं?

हा प्रश्न मला पडला तो भाचीमुळे. माझी बहीण न्यू जर्सीत असते. तिची मुलगी सात वर्षांची, मराठी फर्स्ट क्लास बोलणारी, आणि मूळची नाचरी. म्हणजे मिक्सर लावला तरी त्याच्या घरघरीवर पाय हलवणारी. तिला कथकच्या ऑनलाइन क्लासला घातलं. (कुठल्या ते विचारू नका, सांगणार नाही.) दोन महिने बरे गेले. मग आईने एकदा फोनवर विचारलं, ''काय गं, नाच कसा चाललाय?'' तर कार्टी म्हणाली, ''आजी, माझे हात स्लो आहेत.''

आईने हसण्यावारी नेलं. मला मात्र ते वाक्य टोचलं. पुढच्या क्लासला बहिणीने मला गुपचूप कॉलवर घेतलं. बारा खिडक्या, बारा मुली. मॅडम टाळी देतायत आणि मधूनमधून भाचीचं नाव घेऊन म्हणतायत, ''मागे पडतेस... परत मागे... ऐकून दे ना बेटा.'' भाची आधी जोर लावून टाळ्या देत होती. मग शेजारच्या खिडकीतल्या मुलीकडे बघून द्यायला लागली. शेवटी तिचे हात टेबलाखाली गेले ते वर आलेच नाहीत.

सात वर्षांची असताना मीही कथक सोडलं होतं. माझ्या बाबतीत दोष केबलचा नव्हता, माझाच होता. त्यामुळे ते टेबलाखाली गेलेले हात मी ओळखते.

उशीर कुणाचा?

आता थोडं फिजिक्स. घाबरू नका, दहावीपर्यंतचंच आहे.

ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे जगातली सगळ्यात भारी, अगदी सरळसोट केबल टाकली तरी आवाज पोचायला साठ-बासष्ट मिलिसेकंद लागणारच. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. प्रत्यक्षात केबल समुद्रातून वळसे घेत जाते. शिवाय दोन्हीकडचे फोन-लॅपटॉप आवाजाचे तुकडे करणार, दाबून लहान करणार, मध्ये थोडे साठवून ठेवणार, पुन्हा जोडणार. या सगळ्या भानगडीत वेळ जातोच. पुणे-सांगली अंतर केबलला एका मिलिसेकंदाचं आहे, तरी पुणे-सांगली कॉलवर गॅप पडते ती याचमुळे.

आणि माणसाचा कान याबाबतीत भयंकर चोखंदळ. दोघांनी एकत्र टाळी धरायची असेल, तर एकाचा आवाज दुसऱ्याकडे साधारण पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या आत पोचावा लागतो. तेवढ्या वेळात आवाज हवेतून आठ-दहा मीटर जातो, म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यापेक्षा उशीर झाला, की दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात आणि लय हळूहळू बसत जाते. 'पहले आप, पहले आप'मध्ये गाडी चुकते ना, तसंच.

मी भाचीच्या क्लासचं रेकॉर्डिंग करून लॅपटॉपवर मोजलं. (वीकएण्डला करण्यासारख्या इतर गोष्टी नव्हत्या असं नाही, पण असो.) पुण्यातून बोल गेला, तिकडे टाळी वाजली, ती पुण्यात परत ऐकू आली, या सगळ्याला कधी चारशे मिलिसेकंद लागत होते, कधी सहाशे. धरून चाला अर्धा सेकंद. आता मिनिटाला साठ मात्रा अशा निवांत लयीत अर्धा सेकंद म्हणजे अर्धी मात्रा. दुगुन सुरू केली की अख्खी मात्रा! म्हणजे मॅडम समेवर 'धा' म्हणतायत, भाची बरोब्बर त्या 'धा'वर टाळी देतेय, आणि मॅडमना ती टाळी पुढच्या 'धिं'वर ऐकू येतेय. मॅडम खोटं बोलत नव्हत्या. त्यांना जे ऐकू येत होतं तेच त्या सांगत होत्या. मुलगीही चुकत नव्हती.

बरं, अर्धा सेकंद वजा करून टाकू म्हटलं तर तीही सोय नाही. तो दर मिनिटाला बदलतो. नेटवर्कच्या मूडवर अवलंबून.

कोथरूडचं दुसऱ्या मजल्यावरचं घर

हे सगळं गणित घेऊन मी कोथरूडला एका ताईंकडे गेले. कथक शिकवतात, तबल्याचंही रीतसर शिक्षण झालंय, आणि पाच ते दहा वयाच्या मुलांचे प्राथमिक वर्ग ही त्यांची खासियत. 'नाव छापायचं नाही, फोटो तर नाहीच' या अटीवर बोलायला तयार झाल्या. इथून पुढे त्या फक्त ताई.

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा ताईंनी आधी सरळ सांगून टाकलं, की हे ऑनलाइन-बिनलाइन आपल्याला जमणार नाही. क्लासच्या खोलीचं भाडं मात्र सुरूच. एप्रिलच्या शेवटी आठ मुलींना घेऊन पहिली बॅच केली. ''मी 'एक' म्हटलं आणि समोर आठ खिडक्यांत आठ वेळा टाळी पडली. तुमची ती स्टेडियममधली लाट असते ना, तशी. मी चक्क लॅपटॉप बंद केला आणि चहा करायला गेले.''

मग? ''मग काय, चहा पिताना लक्षात आलं की मी खोलीतला क्लास लॅपटॉपमध्ये कोंबायला बघतेय. एकत्र वाजवणं होणारच नाही. मग ते सोडून जे होतं ते करावं.''

सोडलं म्हणजे खरंच सोडलं. त्यांच्या ऑनलाइन क्लासात ताई आणि मूल कधीही एकाच वेळी टाळी देत नाहीत. ताई करतात तेव्हा मूल नुसतं बघतं-ऐकतं. मूल करतं तेव्हा ताई हात मांडीवर ठेवून गप्प. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठेका ताईंकडून जात नाही. तो मुलाच्या घरात वाजतो.

ही युक्ती ऐकायला किरकोळ वाटते, पण सगळा खेळ तिथेच आहे. मुलाच्या घरी दुसऱ्या एका फोनवर किंवा टॅबवर लेहरा लावायचा. लेहरा म्हणजे हार्मोनिअमवर किंवा सारंगीवर तालाच्या एका आवर्तनाएवढी छोटी धून, तीच तीच परत फिरत राहते. मूल त्या लेहऱ्यावर टाळी देतं. आता लेहरा आणि टाळी दोन्ही एकाच खोलीतले, एकाच माइकमधून जाणारे. ताईंकडे ते अर्धा सेकंद उशिरा पोचले काय आणि अर्धा तास उशिरा पोचले काय, दोघांमधलं नातं आहे तसंच येतं. टाळी समेवर पडली की नाही, हे ताईंना चोख कळतं.

''तुझ्या भाचीला शनिवारी माझ्याकडे जोडून दे,'' ताई म्हणाल्या. ''आणि बहिणीला सांग, टॅबवर तीनतालाचा लेहरा लावून ठेव. बाकी काही बोलू नकोस.''

शनिवार, संध्याकाळचे साडेसहा

त्यांच्याकडे शनिवारी सकाळचे आठ. भाची दात घासून, वेणी घालून आणि तोंड पाडून बसलेली. ताईंनी नाव विचारलं, आवडता प्राणी विचारला (ऑक्टोपस; कारण त्याला आठ टाळ्या देता येतील म्हणे), मग म्हणाल्या, ''तुझ्याकडचं ते गाणं लाव आणि हात दे. मी ऐकतेय. मी काहीच म्हणणार नाहीये.''

तीनतालाच्या सोळा मात्रा. एक, पाच आणि तेरावर टाळी, नऊवर काल, म्हणजे हात रिकामा सोडायचा. भाचीने सुरू केलं. पहिली टाळी घाबरत. दुसरी जरा बरी. चार आवर्तनं झाली. ताई माझ्याकडे वळल्या आणि माइक म्यूट करून म्हणाल्या, ''ही मागे कुठेय? हिला कुणी सांगितलं मागे आहे म्हणून?''

मग अनम्यूट करून तेच तिला सांगितलं. ''बाळा, तू बरोबर देतेस. तुझी टाळी समुद्राखालून येते ना, म्हणून मला उशिरा ऐकू येते. तुझे हात स्लो नाहीत.''

पलीकडे दोन सेकंद शांतता. त्यातला अर्धा सेकंद नेटवर्कचा, बाकीचा तिचा. मग तिने आईकडे वळून इंग्रजीत काहीतरी पुटपुटलं. बहिणीने नंतर सांगितलं, ती म्हणाली होती की हे मला आधीच का नाही कुणी सांगितलं.

गोष्ट इथे संपली असती तर छान फिल्मी झाली असती. पण पाचव्या आवर्तनाला ताईंनी भुवया उंचावल्या. ''अं हं. कालावर पळतेय.'' म्हणजे नवव्या मात्रेला हात रिकामा सुटला की पोरीला त्या रिकामपणाचं टेन्शन येतं आणि ती तेरावी टाळी घाईने गाठते. ही तिची खरी चूक! मागे पडण्याच्या उलट, पुढे पळण्याची. दोन महिने ती खोट्या चुकीसाठी बोलणी खात होती आणि खरी चूक कुणाला दिसलीच नव्हती.

ती घालवायला पुढचे सहा आठवडे लागले. ओढणी घेऊन. टाळीला ओढणी खाली झटकायची, कालाला वर उडवायची आणि ती तरंगत खाली येईपर्यंत थांबायचं. ओढणीला घाई करता येत नाही. चेंडूचाही प्रयोग झाला. समेला टप्पा पाडायचा, झेलायचा, पुढच्या समेपर्यंत हातात धरायचा. टप्पा चुकला तर मुलाला स्वतःलाच कळतं, ताईंनी सांगायची गरज नाही. ऑनलाइन शिकवताना ही मोठीच सोय, कारण दुरून 'चुकलं' असं ओरडायचं म्हटलं तर तेही उशिराच पोचतं.

जिनिव्हाचा मास्तर आणि आपली सम

लय आधी अंगात, मग हातात, हा फंडा तसा जुना. १८९२ पासून जिनिव्हाच्या संगीतशाळेत हार्मनी शिकवणाऱ्या एमिल जाक-दालक्रोझ नावाच्या मास्तरांच्या लक्षात आलं, की आपली मुलं कागदावर ताल अचूक लिहितात, पण वाजवायला बसली की गडबडतात. तीच मुलं रस्त्याने चालताना मात्र अगदी लयीत चालतात. मग त्यांनी पोरांना बाकावरून उठवलं आणि चालायला, थांबायला, उड्या मारायला लावलं. यालाच पुढे 'युरिदमिक्स' म्हणायला लागले. १९१५ मध्ये जिनिव्हातच त्यांची स्वतःची संस्था उभी राहिली. जर्मनीत कार्ल ऑर्फ यांनी १९२४ मध्ये डोरोथी ग्युंथर यांच्याबरोबर म्युनिकला शाळा काढली, तिथेही नाच आणि वादन एकाच छताखाली. हंगेरीच्या कोडाय यांच्या पद्धतीत मुलं 'ता, टी-टी' असं तोंडाने म्हणत ताल शिकतात.

हे वाचून आपल्याला हसू येतं की नाही? 'ता, टी-टी'! आपल्याकडे तर पढंत म्हणजे रोजचं ताटवाटी. तबल्यावर हात पडायच्या आधी बोल तोंडात बसायला हवेत, नाचातही आधी म्हणायचं मग पाय उचलायचा. झाकीर हुसेन (त्यांचं २०२४ च्या डिसेंबरमध्ये निधन झालं) नेहमी सांगायचे, की ते तान्हे असताना वडिलांनी, म्हणजे उस्ताद अल्लारखाँनी, त्यांच्या कानात तबल्याचे बोल म्हटले होते. तबला नाही, बोल!

ऑनलाइन क्लासला नेमका हाच जुना माल कामी आला. वाद्य नाही, पाट नाही, घुंगरू नाहीत, तरी तोंड आहे. ताईंचे पहिले सहा महिने नुसती पढंत आणि हात. एकीकडे 'धा धिं धिं धा' म्हणायचं, दुसरीकडे टाळी. नंतर तेच म्हणत खोलीभर चालायचं, कालाच्या चार मात्रा चवड्यांवर. मग झपताल आला, दोन-तीन-दोन-तीन असा लंगडत चालणारा. त्यावर मुलं अक्षरशः लंगडतात आणि जाम खूश होतात. रूपक मात्र ताई उशिरा काढतात. त्याच्या समेवरच काल असतो, ते गौडबंगाल सात वर्षांच्या डोक्याला समजावणं स्क्रीनवरून नको वाटतं त्यांना.

डग्गा गेला कुठे?

सगळ्यात मजेशीर अडचण मला आधी सुचलीही नसती. तीनतालात 'खाली'च्या भागात डाव्याचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमारा बंद होतो. 'धिं'चं 'तिं' होतं. मुलांना भरी आणि खाली कळते ती या घुमाऱ्यावरून. पण फोनच्या आणि लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरला खर्जातला आवाज झेपतच नाही. त्यातून डग्गा जवळपास गायब! मुलाला 'धिं' आणि 'तिं' दोन्ही सारखेच टणटणीत ऐकू येतात. आणि मग आपण म्हणायचं, मुलाला खाली ओळखू येत नाही. ताईंच्या यादीत म्हणूनच एकच खरेदी सक्तीची आहे, बऱ्यापैकी हेडफोन किंवा वेगळा स्पीकर. घुंगरू नंतर घ्या म्हणतात.

दुसरं पात्र म्हणजे कॉलच्या सॉफ्टवेअरमधला नॉइज सप्रेशन. तुमच्यामागे कुकरची शिट्टी झाली तरी बॉसला कळू नये म्हणून बसवलेलं हे यंत्र, तंबोऱ्याचा सलग सूर त्याला पंख्याची घरघर वाटते, पायाची थाप म्हणजे दार आपटलं असं वाटतं. दोन्ही पुसून टाकतं. ताईंना पहिले कित्येक आठवडे मुली तत्कार करताना दिसायच्या, पण आवाज येत नव्हता. 'मूकपट' म्हणायच्या त्या. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाचं बटण असतं, ते सुरू केल्यावर पाय ऐकू यायला लागले. लेहरा वेगळ्या टॅबवर लावण्याचं आणखी एक कारण हेच. तो कॉलमधूनच पाठवला, तर मुलाकडचा माइक त्याला प्रतिध्वनी समजून गाळून टाकतो.

आणि उजवं-डावं! कथकचा तत्कार उजव्या पायाने सुरू होतो, चार पदांनंतर डाव्याने. ताईंनी समोर बघून उजवा हात उचलला, की तो मुलाच्या स्क्रीनवर डावीकडे दिसतो, आणि लहान मूल आरशासारखी नक्कल करून आपला डावा उचलतं. स्वतःची छोटी खिडकी मात्र खरोखरच आरशासारखी उलटी दिसते. मोठ्यांचंही डोकं फिरेल. यावर ताईंचा उपाय बघून मी थक्क झाले. त्या कॅमेऱ्याकडे पाठ करून उभ्या राहतात आणि समोर कपाटाचा आरसा! आरशात लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये मुलं. मुलांच्या उजव्या घोट्याला लाल रिबीन.

भाचीकडे आणखी एक लफडं होतं, खालचा मजला. अमेरिकेतल्या लाकडी इमारती, वर पाय आपटला की खाली झुंबर हलतं. खालच्या आजींनी दोनदा येऊन सभ्यपणे विचारलं, वर नेमकं काय चाललंय. योगा मॅट टाकली तर थाप ऐकू येईना. शेवटी जिजाजींनी तीन बाय तीनचा प्लायवूड आणला आणि खाली दोन मॅट घातल्या. थाप वर राहिली, धक्का खाली गेला नाही. आजींना दिवाळीचा फराळ दिला, तो वेगळा.

आई-बाबांचा रिअॅलिटी शो

आठवड्यातून एकदा गृहपाठ म्हणून व्हिडिओ पाठवायचा असतो. रेकॉर्डिंगमध्ये उशिराचा प्रश्नच नाही, त्यामुळे लय तपासायला ताईंना तो क्लासपेक्षाही जास्त भरवशाचा वाटतो. रात्री स्वयंपाकघर आवरलं, की हेडफोन लावून बसतात. आणि पालक! कुणी मागे पैठणीचा पडदा लावतं. एका व्हिडिओत फ्रेमबाहेरून बाबांच्या टाळ्या ऐकू येतात आणि मूल बिचारं बाबांच्या चुकीच्या लयीत वाहत जातं. ताई ते ओळखतात आणि उलट निरोप जातो, 'बाबांची लय सुधारली पाहिजे.'

आमचे जिजाजी याच कॅटेगरीतले. आयटीत आहेत, आयुष्यात कधी तालाशी संबंध नाही. भाचीला मोजून देता देता त्यांना तीनताल आला. आता म्हणे ऑफिसच्या कंटाळवाण्या कॉलवर टेबलाखाली बोटांनी आवर्तनं मोजतात. मॅनेजरचं एक वाक्य साधारण दीड आवर्तनाचं असतं, अशी माहिती त्यांनी पुरवली आहे.

सगळंच असं गोड नाही. ताईंच्या बॅचमध्ये सांगलीजवळच्या खेड्यातला नऊ वर्षांचा एक मुलगा आहे, तबला शिकतो. घरात एकच स्मार्टफोन, आईचा, तोही डेटा जपून वापरायचा. ताईंनी त्याला कॅमेरा बंद ठेवायला सांगितलंय, नुसता आवाज. त्यांच्या मते त्या बॅचमध्ये सगळ्यात पक्की लय त्याचीच आहे, कदाचित बघून नक्कल करायची सोयच नसल्यामुळे. पण हाताची ठेवण? बोट किनारीवर किती कलतंय, मनगट कुठे अडकतंय, हे आवाजावरून अर्धंच कळतं. ''त्याच्या पाठीवर नुसता तळवा ठेवून लय दिली ना, तर पाच मिनिटांचं काम आहे. इथून ते पाच महिन्यांत होत नाहीये,'' ताई म्हणाल्या. तीन महिन्यांतून एकदा तो एसटीने पुण्याला येतो. त्या दिवशी ताई दुसरी बॅच घेत नाहीत.

आणि एक प्रश्न मी जरा आडून विचारला, तर त्यांनी सरळ उत्तर दिलं. शनिवारी संध्याकाळी साडेसहाची वेळ कोथरूडच्या मुलांची होती. आता ती डॉलरवाल्यांची आहे. इथल्या पालकांनी कुरकुर केली, दोघांनी मुलं काढली. ''खोलीचं भाडं त्या फीवर निघतं आणि सांगलीच्या मुलाची फी मी घेत नाही, तीही त्याच्यातूनच निघते. तुला लिहायचं तर लिही,'' असं म्हणून त्यांनी चहाचे कप उचलले. मला ते पूर्ण पटलं असं नाही. कोथरूडच्या त्या दोन मुलांना तरी कसं पटावं? पण महिन्याचा हिशेब माझ्यासमोर मांडणाऱ्या बाईला मी काय सांगणार.

ऑनलाइनवाल्यांना कायमचं ऑनलाइन ठेवावं असं ताईंनाही वाटत नाही. एकत्र वाजवता यावं म्हणून जगात खटपटी सुरू आहेतच. स्टॅनफर्डच्या ख्रिस चेफ यांच्या 'जॅकट्रिप'सारखी सॉफ्टवेअर्स आवाज न दाबता, कमीत कमी साठवणुकीत पाठवतात. एका शहरातल्या दोन वादकांचं त्यावर खरंच जमू शकतं. पुणे-न्यू जर्सीचं मात्र नाही. साठ मिलिसेकंद प्रकाशाकडूनच कापता येत नाहीत, तिथे सॉफ्टवेअर काय करणार?

या उन्हाळ्यात

भाची मे महिन्यात पुण्यात आली होती. तिला घेऊन कोथरूडला गेले. स्क्रीनवरच्या ताई प्रत्यक्षात एवढ्या बुटक्या कशा, हा पहिला प्रश्न तिने जिन्यातच विचारला. वर आठ-दहा मुली होत्या, एका कोपऱ्यात तबलजी काका डग्ग्याला पावडर लावत बसलेले.

ताईंनी तिला काही सांगितलं नाही, रांगेत उभं केलं. काकांनी ठेका धरला. सगळ्या मुलींची पहिली टाळी पडली, एकच, एकदम. भाचीचीही त्यात होती की नाही मला कळलं नाही, कारण एकच आवाज आला. ती दचकून आजूबाजूला बघायला लागली. दुसऱ्या आवर्तनाला तिने टाळी दिलीच नाही, नुसती ऐकली. खाली आली, डग्गा थांबला, आणि परत सुरू झाला तशी ती चक्क खाली बसली आणि फरशीवर दोन्ही तळवे टेकवले.

''मावशी,'' ती ओरडली, ''हे खालून येतंय!''

काका हसले. ताईंनी डोळ्यांनीच त्यांना थांबू नका म्हणून खुणावलं. रांग तिला वळसा घालून पुढे चालत राहिली आणि ती तशीच, तळवे टेकवून, पुढची तीन आवर्तनं फरशीवर बसून होती.